पोक काढलेल्या माणसाचं माप

मास्तरांनी साडेतीनशे कोट बेतले होते आणि त्यांतला एकही कधी अंगात घातला नव्हता. घालणार तरी कशाला? त्यांच्या गावाला थंडी यायची ती भिडस्त पाहुण्यासारखी. पहाटे दाराशी घुटमळायची आणि उन्हं अंगणात आली की न सांगता निघून जायची. तेवढ्यासाठी एक बिनबाह्यांचा स्वेटर होता. तो बाईंनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी विणलेला, अजून कुठं उसवला नव्हता.

बाई म्हणजे त्यांची बायको. ती गावच्या शाळेत शिकवायची, म्हणून सगळं गाव तिला बाई म्हणे. आणि हे कपडे बेतायचे, म्हणून हे मास्तर. "शाळा एकीची आणि मास्तर दुसराच," हे नव्या माणसाला ऐकवल्याशिवाय मास्तरांच्या मेहुण्याला चहा गोड लागत नसे.

मास्तर सोळाव्या वर्षी बाजारातल्या शिंप्याकडे काज-बटणाला बसले आणि पुढं तिथंच गिऱ्हाइकांची मापं घ्यायला लागले. पंचविसाव्या वर्षी शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या लांब टेबलापाशी उभे राहिले. पुढं तिथं संगणक आला. कागदावर खडूनं आखायचं ते आता पडद्यावर आखायचं म्हणे. बाकीचे कारागीर त्याला टीव्ही म्हणून हसले. मास्तर मात्र रोज जेवणाच्या सुट्टीत डबा मांडीवर घेऊन ते यंत्र चालवणाऱ्या मुलीच्या मागं स्टूल टाकून बसू लागले. काही विचारत नसत, नुसते बघत. चौथ्या महिन्यात ती मुलगी उठली आणि म्हणाली, "काका, आता तुम्ही पुढं बसा. मी जेवून घेते."

त्या कारखान्याला पुढं कुलूप लागलं, पण शिकलेलं काही कुलपात अडकलं नाही. मास्तर लॅपटॉप घेऊन गावी आले. दूरदेशीचे लहान लहान कारखाने त्यांना चित्र आणि मापं पाठवत. मास्तर पुढा, पाठ, बाही, कॉलर असे एकेक तुकडे पडद्यावर आखून धाडून देत. तिकडं ते कागदावर पूर्ण आकारात छापले जात, कागद कापडावर पसरला जाई आणि कात्री चाले. कापडाला हात न लावता कपडा बेतायचा, आणि ज्याच्या अंगात जायचा तो माणूस जन्मात दिसायचा नाही. मास्तरांना या कामाचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत.

त्यांची सगळ्यांत मोठी गिऱ्हाईक होती एक कारखानदारीण. थंड मुलुखात तिचा चाळीस माणसांचा शिवणकारखाना होता. उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी ती कोट शिवायची. रस्ता झाडणारे, दूध पोचवणारे, टपाल वाटणारे, असे लोक ते घेत. बाई तिला कोटवाली म्हणायच्या. कोटवालीचं आणि मास्तरांचं दोघांचंही इंग्रजी कामापुरतं, त्यामुळे भांडण झालं तरी फार लांबत नसे.

एके दिवशी ती पडद्यावर आली तीच कपाळाला आठ्या घालून.

"मास्टर, कोट परत आलेत. लोक म्हणतात, पाठीत धरतो, मागून वर चढतो, खिशात हात नीट जात नाही."

"मापं तुमचीच होती. मी एक सूतभरही इकडंतिकडं केलेलं नाही."

"मापं बरोबर आहेत. कोट चुकलाय. तुम्ही कधी थंडीत उभे राहिलायत?"

खोटं बोलता आलं असतं. पण धंद्याबाबत मास्तर खोटं बोलत नसत. "नाही," ते म्हणाले.

"मग तुम्ही अंदाजानं बेतताय," ती म्हणाली. आणि पुढचं काम देईन की नाही ते नंतर कळवते म्हणून निघून गेली.

अंदाजानं. हा शब्द मास्तरांना कुसळासारखा टोचत राहिला. तीन दिवस ते जेवताना बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जावयाला फोन लावला. जावई संगणकाच्या नोकरीत, त्याला जगाची माहिती. तो म्हणाला, आपलं काम आपल्या लॅपटॉपवर घेऊन येणाऱ्यांना काही देश वर्षभर राहू देतात. मोठे देश महाग पडतात, पण कोपऱ्यातले काही लहान देश आहेत, स्वस्त आणि शांत. त्यानं चार नावं सांगितली. मास्तरांनी एकच विचारलं, "यांतला सगळ्यांत गार कुठला?"

त्या देशाचं नाव ऐकून मेहुणा म्हणाला, "हा देश आहे की खोकल्याचं औषध?"

"जाऊन आल्यावर सांगतो," मास्तर म्हणाले.

बाईंनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू होतं. मुलगी आपल्या घरी सुखात होती. जावयानं नियम वाचून दाखवला, तो त्यांनी दोनदा वाचायला लावला. पहिलं वर्ष एकट्याचं. त्यानंतर तीन वर्षं वाढवून मिळतात आणि बायकोलाही नेता येतं, पण कोणीतरी वर्षभराचं काम देतोय असं पत्र पोचल्यापासून चार महिन्यांच्या आत तिथल्या कचेरीत दाखवावं लागतं.

"म्हणजे त्या कोटवालीनं लिहून दिलं तर मी येणार," बाई म्हणाल्या.

"एवढं काम देणारी दुसरी कोण आहे?"

"मग जा तुम्ही. पण तिथं जाऊन माझ्यासारखी दुसरी शोधू नका."

"तुझ्यासारख्या दोघी झेपतील का मला?"

बाईंनी बॅग भरायला घेतली.

*

मास्तर तिथं पोचले तेव्हा झाडांची पानं पिवळी पडून रस्त्यावर आली होती. खोली मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर. एक खाट, एक खिडकी, भिंतीला लोखंडी फासळ्यांचा हीटर आणि हाताच्या पंजाएवढं टेबल. त्यावर लॅपटॉप ठेवला की चहाचा कप खिडकीत ठेवावा लागे. जिना इतका अरुंद की वरून कोणी येत असेल तर खालच्यानं वळणावर थांबून वाट द्यायची.

घरमालकीण तळमजल्यावर राहायची. साठी ओलांडलेली, रुंद खांद्यांची. तीस वर्षं तिनं शहरातली बस चालवली होती आणि अजून ती माणसाकडं आरशातून बघितल्यासारखी मान न वळवता बघायची. ती तिच्या भाषेत बोले, मास्तरांच्या हातातला फोन ते मराठीत सांगे, आणि मास्तरांचं उत्तर उलटं जाई. फोन सगळंच फार अदबीनं बोलायचा. "पाय पुसून या," एवढंच ती ओरडली तरी फोन म्हणे, "कृपया आपले पाय स्वच्छ करावेत." पण तिचा चेहरा समोर असल्यामुळे मूळ मजकूर मास्तरांना कळत असे.

दिवसा कामाला बसायला त्यांनी पोस्टाच्या वरचा एक हॉल धरला. जागा भाड्यानं, खुर्ची आपली आपण निवडायची. तिथं देशोदेशीची तरुण पोरंपोरी कानाला यंत्रं लावून बसलेली असत. कुठून आलास म्हणून विचारलं की ती घराचं नाव सांगत नसत, आधीच्या देशाचं सांगत. सहा आठवडे इथं, दोन महिने तिथं. मास्तर साठीला टेकलेले, डब्यासकट आलेले. पहिल्या आठवड्यात ती पोरं त्यांच्याकडं चुकून आत शिरलेल्या माणसासारखी बघत होती. मग एकीच्या जॅकेटची चेन निखळली. मास्तरांनी खिशातून छोटी पक्कड काढून ती दोन मिनिटांत बसवून दिली. त्यानंतर त्यांची खिडकीजवळची खुर्ची कोणी घेत नसे.

आल्या आल्या त्यांनी जुन्या बाजारातून एक कोट घेतला. अंगात घालण्याआधी बाहीची शिवण उसवून आत काय आहे ते बघितलं, मग परत शिवून घातला.

कोटवालीचा निरोप आला. एक शेवटची संधी. उघड्यावर काम करणाऱ्याचा कोट नव्यानं बेता. तो लोकांना चालला तर वर्षभराचं काम तुमचंच, पत्र लिहून देते. नाही चालला तर राम राम. राम राम हा शब्द अर्थात मास्तरांचा. तिनं नुसतं 'नाही' म्हटलं होतं.

मास्तर कामाला लागले. थंडीत लोक आत दोन-दोन स्वेटर घालतात हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे लूजिंग कमी पडत होतं. त्यांनी सगळीकडून दोन दोन इंच सैल सोडलं, जाड घोंगडी विकत आणली, घरमालकिणीच्या शिवणयंत्रावरची कुंडी तिच्या परवानगीनं खाली उतरवली आणि तीन दिवसांत कोट उभा केला. दोन स्वेटरांवर तो घातला. कुठंच धरत नव्हता. आरशासमोर ताठ उभं राहून त्यांनी स्वतःला पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं. मन भरलं.

घरमालकीण दारात उभी होती. ती काहीतरी बोलली. फोन म्हणाला, "आपला तंबू सुंदर झाला आहे. दोर कोठे बांधणार आहात?"

मास्तर तसेच जिना उतरले आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. त्यांनी ठरवलंच होतं, अर्धा तास उभं राहायचं. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग खालून वारा शिरला. सैल घेरातून तो असा वर चढला की मास्तरांना वाटलं कोणी थंड हात पाठीवरून फिरवतंय. त्यांनी मान खांद्यात ओढली. हात खिशांत खुपसले, तर खिसे बरगडीच्या मागं. कोपर वाकडं करून हात कोंबावा लागला, तसा कोट पुढून उघडा पडला. पाठ मात्र ताणली गेली. एवढं दोन इंच सोडूनही ताणली गेली. याचं त्यांना नवल वाटलं.

समोर एक बंद दुकान होतं. त्याच्या काचेत थांब्यावरची सगळी रांग दिसत होती. अकरा माणसं. मास्तर वेळ घालवायला त्यांची मापं नजरेनं घेऊ लागले, जुनी सवय. आणि मधेच थांबले.

एकही माणूस ताठ नव्हता.

सगळ्यांचे खांदे कानापर्यंत आलेले. माना पुढं. पाठी कमानीसारख्या. हात पोटाशी. डावीकडून चौथा जो पोक काढून उभा होता, तो तर ते स्वतः होते.

बाजारातल्या शिंप्याकडं असताना त्यांनी शेकडो माणसांना मापाला उभं केलं होतं. आणि प्रत्येकाला टेप लावण्याआधी त्यांनी एकच सांगितलं होतं. ताठ उभे राहा. हात सैल सोडा. समोर बघा. त्यांच्या उस्तादानं त्यांना तसं शिकवलं होतं, त्याच्या उस्तादानं त्याला. उन्हाच्या मुलुखातली रीत ती. तिथं माणूस ताठ उभा राहतो आणि सदरा त्याला बरोबर बसतो. तशाच ताठ मापावर त्यांनी साडेतीनशे कोट बेतून थंडीत पाठवले होते.

बस आली आणि गेली. मास्तर चढले नाहीत. ते घरी आले, घरमालकिणीच्या दारावर टकटक केली आणि म्हणाले, "मला तुमचं माप घ्यायचंय."

ती उठून भिंतीला टेकून सरळ उभी राहिली.

"तसं नाही. थांब्यावर बसची वाट बघताना उभं राहतात तसं."

"मी कधी बसची वाट बघितली नाही," ती म्हणाली. "लोक माझी वाट बघायचे."

मग काय वाटलं कोण जाणे, तिचे डोळे चमकले. "पण मी त्यांना तीस वर्षं समोरून बघितलंय," ती म्हणाली आणि खोलीच्या मधोमध आली. तिनं खांदे वर घेतले, हनुवटी छातीत रुतवली आणि एका पायावर भार देऊन डुलू लागली. "हा सकाळचा. झोप पुरी न झालेला." मग एक खांदा खाली पाडला. "ही बाजाराची पिशवीवाली." मग पाठीत पार वाकून हात काखेत घातले. "आणि हा रस्ता झाडणारा. याला बस नको असते. नुसता आडोशाला येतो."

मास्तर तिच्या भोवती टेप घेऊन फिरत होते. मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत ताठपणी जेवढं भरत होतं, त्यापेक्षा पोक काढल्यावर तीन बोटं जास्त भरलं. पुढून तेवढंच कमी. दोन्ही खांद्यांमधली पाठ रुंदावलेली, छाती आखडलेली. हात सरळ खाली लोंबतच नव्हते, पुढं येत होते. मास्तर आकडे लिहीत गेले आणि त्यांचे कान तापत गेले. थोडी लाज, थोडा आनंद.

"हलू नका," ते म्हणाले.

"हलले नाही तर गारठून जाईल हा," झाडूवाल्याच्या सोंगातूनच ती म्हणाली.

*

नवा कोट आखायला आठ दिवस लागले. पाठ लांब केली, रुंद केली. पुढा आखूड केला. मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडतात तो गोल, पुढच्या बाजूला वळवला. खिसे पोटाकडं ओढले आणि चार बोटं वर घेतले. घेर उलट आत घेतला. त्या संगणकात कपडा चढवून बघायला एक पुतळा असतो. त्यावर चढवताच मानेखाली लाल रेघा उमटल्या. चूक आहे, चूक आहे, असं यंत्र सांगत होतं. मास्तरांनी पुतळ्याचं ते पान बंद केलं. घोंगडीचा दुसरा कोट शिवून थांब्यावर पाऊण तास उभे राहिले, आणि परत येऊन आखणी कोटवालीला धाडून दिली.

चार दिवसांनी ती पडद्यावर आली. शेजारी शिवणकामाचा लाकडी पुतळा, त्यावर मास्तरांचा कोट. पाठीत मानेखाली फुगा आलेला. बाह्यांना मागून चुण्या. पुढचे काठ एकमेकांवर चढलेले.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"कोट."

"मास्टर, माझी शिवणारी नवी मुलगी याहून बरा बेतेल."

"तुमच्या पुतळ्याला थंडी वाजत नाही, म्हणून तसा दिसतो." मास्तरांनी थांबा सांगितला, काच सांगितली, पोक सांगितलं. इंग्रजी अपुरं पडलं तेव्हा खुर्चीवरून उठून, खांदे वर घेऊन दाखवलं. हॉलमधल्या पोरांनी कानांतली यंत्रं काढून बघितलं.

कोटवाली शांतपणे ऐकत होती. "दुकानदार कोट पुतळ्यावर बघतात," ती म्हणाली. "तिथं हा एकही विकला जाणार नाही. मला सरळ कोट पाठवा, फक्त पाठीत थोडा सैल. आठवडाभरात. पत्र तयार ठेवते."

सरळ कोट मास्तरांकडं होताच. तंबूच्या आधीचा, लोकांनी परत केलेला, पण पुतळ्यावर राजासारखा बसणारा. पाठीत अर्धा इंच सोडला की काम झालं. कचेरीत पत्र द्यायला एकोणीस दिवस उरले होते. त्यांनी ती फाईल उघडली, बंद केली, परत उघडली.

रविवारी दुपारी बाईंचा फोन आला. मास्तरांनी सगळं सांगितलं.

"मग पाठवा की सरळ," बाई म्हणाल्या. "तिला पाहिजे ते तिला द्या. पत्र हातात पडेल."

"आणि पुढच्या वर्षी कोट परत आले म्हणजे?"

"तोवर मी आलेली असेन."

पलीकडून बाईंच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"पाठवणार नाही ना तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"वाटलंच मला. मग मला कशाला विचारलंत?"

"विचारलं नाही. तुझं येणं याच्यावर अडलंय, ते तुझ्या कानावर घातलं."

बाई नुसत्या रागावलेल्या असत्या तर फोन ठेवला असता. "निवृत्तीच्या अर्जात पुढचा पत्ता लिहायची जागा आहे," त्या म्हणाल्या. "ती मी कोरी सोडलीय. हेडमास्तर रोज विचारतात." मग त्यांचा शाळेतला आवाज आला. "त्या कोटवालीला सांगा, कोट माणसाच्या अंगावर घाल म्हणावं. आमच्या शाळेत गणवेश आले तर मी खुंटीवर टांगून तपासत नाही. पोराला घालते आणि अंगणात पळायला सांगते."

मास्तरांनी फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. तुमच्या अंगणात ट्रकमधून कापडाचे गठ्ठे उतरवणारा हमाल असेलच. कोट त्याला द्या. तीन दिवस घालू द्या. त्यानं परत आणून दिला तर त्याच दिवशी सरळ कोट पाठवतो, आणि माझं काम संपलं असं समजतो.

उत्तर एका ओळीचं आलं. ट्रक गुरुवारी येतोय, देते.

गुरुवार गेला. शुक्रवार, शनिवार गेले. पडद्यावर काही नाही. रविवारी बाईंनी फोन करून फक्त हवा विचारली आणि कोटाचा विषय काढला नाही. त्यावरून मास्तरांना कळलं की त्याही दिवस मोजतायत. सोमवारी त्यांनी हॉलमध्ये दुसऱ्या कोणाचं काम करून बघितलं, उन्हाळी सदऱ्याचं. कॉलर दोनदा चुकली. बाहेर बर्फ पडत होता आणि पोस्टाच्या पायऱ्यांवर टपालवाला पोक काढून पिशवी झटकत होता. मास्तरांनी त्याच्याकडं बघायचं टाळलं. आपण म्हणतोय ते खरं असेल आणि तरी उपयोगाचं नसेल, असंही होतं जगात. हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या मनात आला आणि नीट बसला.

मंगळवारी अकराच्या सुमाराला पडदा उजळला. कोटवाली दिसली, पण तिच्या मागं कारखान्याची भिंत नव्हती. बर्फ होता, ट्रकचं मागचं दार होतं, आणि तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"तो परत देत नाही," ती म्हणाली.

"कोण?"

"हमाल. काल मागितला, तर म्हणाला विसरलो. आज मागितला, तर म्हणाला पगारातून कापून घ्या. वीस वर्षं माझ्याकडं आहे, कधी कपड्याबद्दल बोलला नाही तो." तिनं फोन लांब धरला. तिच्या अंगात तसाच कोट होता. "मला बघायला दुसरा शिवून घ्यावा लागला. सकाळपासून बाहेर आहे मी."

"कसा आहे?"

तिनं खांदे वर घेतले, मान आत ओढली, जशी ती ओढली जातेच. कॉलर कानांखाली येऊन बसली. पाठीतला फुगा कुठं गेला ते दिसलं नाही. हात खिशांत गेले ते न शोधता.

"वर चढत नाही," ती म्हणाली. "पण पुतळ्यावर अजून घाणेरडाच दिसतो."

"दिसणारच."

"मग दुकानदारांना काय दाखवू मी?"

"माणूस उभा करा."

"हमालाला? तो काही देखणा नाही."

"थंडीत कोण असतं?"

ती हसली नाही, पण तिच्या आठ्या मोडल्या. विक्री होईल की नाही ते मला माहीत नाही, ती म्हणाली. एक हिवाळा बघू. सात मापांत करून द्या, आणि बायकांची वेगळी करा, बायका एका खांद्यावर पिशवी घेतात. पत्र आज पाठवते, वर्षाचं. मग तिनं ट्रककडं वळून कोणावर तरी ओरडायला सुरुवात केली आणि फोन बंद करायचा राहून गेला. मास्तर बराच वेळ हलणारा बर्फ बघत बसले.

कचेरीतल्या कारकुनानं पत्र दोनदा वाचलं, संगणकात काहीतरी टिपलं आणि विचारलं, "बरोबर कोण येणार?"

"बायको."

"व्यवसाय?"

"शिक्षिका," मास्तर म्हणाले. आणि त्यांच्या लक्षात आलं की हा शब्द त्यांनी बाईंबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच वापरलाय.

फोनवर बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि यादीच सुरू केली. खोलीत ऊन कुठल्या बाजूनं येतं? पुस्तकं किती आणू? आणि एक सांगून ठेवते, मी तिथं नुसती चुलीपाशी बसायला येत नाही. जावयानं सांगितलंय, परदेशातल्या आपल्या लोकांच्या पोरांना लॅपटॉपवरून मराठी शिकवता येतं. दोघं-तिघं तयार झालीत.

"कुठं बसून शिकवणार?" मास्तरांनी विचारलं. "टेबल एवढंसं आहे."

"मग मोठं बघा. तुमच्या हातात आठ महिने आहेत."

घरमालकिणीच्या कोठीत एक टेबल होतं, जाड लाकडाचं, तिच्या नवऱ्याच्या वेळचं. दोन माणसांनी समोरासमोर बसून काम करावं एवढं. शनिवारी सकाळी मास्तरांनी ते पुढून धरलं, तिनं मागून, आणि दोघं जिना चढू लागली. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या वळणावर टेबल भिंतीत आणि कठड्यात असं अडकलं की ना पुढं, ना मागं.

"डावीकडं घ्या," ती म्हणाली. फोन खिशात होता, पण हे आता मास्तरांना कळत होतं.

"डावीकडं भिंत आहे."

"मी याहून लांब बस याहून अरुंद गल्लीत वळवलीय. डावीकडं."

मास्तरांनी डावीकडं घेतलं. टेबलाचा एक पाय कठड्यात गुंतला. वरून खाली येणारा एक भाडेकरू पायरीवर थांबला, टेबलाकडं बघितलं, टोपी खिशात घातली आणि तिसरा कोपरा धरला. मास्तरांनी गुडघ्यानं टेबल तोलून खिशातली पक्कड काढली आणि अडकलेल्या पायाचा पहिला खिळा उपटायला सुरुवात केली.